पिकअपमधली मोकळी जागा

ग्रामीण महाराष्ट्रात 'पिकअप' म्हणजे गाडी. कांद्याच्या गोण्या, शेळ्या, मंडपाचे खांब, वेळ पडली तर लग्नाचं वऱ्हाडसुद्धा वाहून नेणारी छोटी मालगाडी. 'पिकअपची दुचाकीला धडक' हा मथळा वाचताना कुणी अडखळत नाही. गॅरेजमध्ये हाच शब्द वेगळ्या अर्थानं येतो: 'चढावर पिकअपच घेत नाही हो, जरा बघा.' ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात तो जागेचं नाव होतो: 'तुमचा पिकअप कुठून, स्वारगेट की वाकड?' तिन्ही ठिकाणी शब्द नाम आहे. मराठीनं त्याला विभक्तीचे प्रत्यय लावले, लिंग दिलं आणि आपल्यात घेतलं. यात काहीही चूक नाही. उलट उसन्या शब्दाशी असंच वागायचं असतं.

पंचाईत होते ती इंग्रजीत वाक्य लिहायची वेळ आली की. सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ईमेलमध्ये अशी वाक्यं पदोपदी भेटतात: 'आय विल पिकअप यू ॲट द स्टेशन.' 'द ड्रायव्हर हॅज पिकअप्ड द पार्सल.' 'ही इज नॉट पिकिंग माय कॉल.' तिन्ही समजतात. तिन्हींत काहीतरी बिघडलेलं आहे. गंमत अशी की पहिल्या दोन वाक्यांत 'अप' क्रियापदाला गरजेपेक्षा जास्त चिकटला आहे, तर तिसऱ्यात तो गळूनच पडला आहे. इंग्रजीला या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं असतं. दोन शब्द, एक अर्थ आणि मध्ये थोडी जागा. (इथे इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, तेव्हा शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर लक्ष ठेवावं. बराचसा मुद्दा तिथेच आहे.)

अशा जोडीला इंग्रजी व्याकरणात 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. एक साधं क्रियापद, त्याच्या मागून 'अप', 'ऑफ', 'आउट' यांसारखा एक छोटा शब्द, आणि दोघांचा मिळून असा अर्थ की जो सुट्या शब्दांवरून लागेलच असं नाही. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर, पण 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे. परक्यांना इंग्रजीत सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच, हे सॅम्युएल जॉन्सननं १७५५ साली आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलं आहे. अशा जोड्या आपण मेहनतीनं गोळा केल्या आहेत, असंही तो तिथे सांगतो. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकातून ते रूढ झालं; ते सुचवलं ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

या जोड्या हजारोंनी आहेत, म्हणून घाबरायला होतं. पण गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये ब्रिटिश इंग्रजीचा सुमारे दहा कोटी शब्दांचा संग्रह तपासला, तेव्हा असं दिसलं की फक्त २० क्रियापदं आणि ८ छोटे शब्द यांच्या जोड्यांनीच एकूण वापरातला निम्म्याहून अधिक भाग व्यापलेला आहे. त्या २० मध्ये 'पिक' आहे आणि त्या ८ मध्ये 'अप' आहे. म्हणजे ही एक जोडी नीट कळली तर बाकीच्यांचं वागणंही पुष्कळसं कळतं.

आता आपलं कुठे बिनसतं ते पाहू. मला याचं मूळ मराठीच्या व्याकरणातच दिसतं. परभाषेतलं क्रियापद मराठीत आलं की आपण त्याला सहसा थेट प्रत्यय लावत नाही. त्याच्यापुढे 'करणे', 'होणे', 'घेणे' यांपैकी एखादं उभं करतो आणि काळ, लिंग, वचन सगळा भार त्याच्यावर टाकतो. 'पिकअप केलं', 'पिकअप करेन', 'पिकअप करायचं राहून गेलं'. 'गाडी ब्रेकडाऊन झाली.' 'बॅकअप घेतला का?' 'लॉगिनच होत नाहीये.' मूळ शब्दाला कुणी हातही लावत नाही. तो दगडासारखा जागच्या जागी, वाक्य फिरतं ते 'करणे'भोवती. वर्षानुवर्षं हा शब्द असा अखंड ऐकलेला माणूस इंग्रजी लिहायला बसतो, तेव्हा भूतकाळाचा प्रत्यय कुठे लावायचा हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पडलेला असतो. तो प्रत्यय शेवटी लावतो. 'पिकअप्ड.' तर्क चुकीचा नाही, फक्त तो नामाचा तर्क आहे.

'अप' गळून पडण्यामागेही 'करणे'च आहे. 'तुला स्टेशनवरून पिक करतो', 'फॉर्म फिल कर' असं बोलताना 'करणे' आलं की आपल्या कानाला वाक्य पुरं वाटतं. मग 'अप' किंवा 'इन' ही शेपटी कशाला? तीच वाक्यं इंग्रजीत उतरली की 'आय विल पिक यू फ्रॉम द स्टेशन' आणि 'प्लीज फिल द फॉर्म' होतात. पण नुसत्या 'पिक'चा अर्थ निवडणे किंवा फूल-फळ तोडणे. तेव्हा भारताबाहेरच्या वाचकाला पहिलं वाक्य असं लागतं की स्टेशनवर बरीच माणसं उभी आहेत आणि त्यांतून हा गृहस्थ मला निवडून काढणार आहे. फॉर्मच्या बाबतीत ब्रिटिश माणूस 'फिल इन' म्हणतो, अमेरिकन 'फिल आउट'. शेपटी दोघंही सोडत नाहीत. पुण्या-मुंबईतच नव्हे, बंगळूर-दिल्लीतही 'पिक यू फ्रॉम' सर्रास चालतं आणि ते भारतीय इंग्रजीचं वळण आहे असं म्हणायलाही माझी हरकत नाही. मात्र परदेशी ग्राहकाला किंवा विद्यापीठाला लिहिताना ते वळण आपण जाणूनबुजून घेतोय की नकळत, एवढं माहीत असावं.

शब्द एक लिहायचा की दोन, यासाठी एक साधी कसोटी आहे: वाक्य भूतकाळात टाकून बघायचं. प्रत्यय जर मध्ये शिरला तर दोन शब्द. 'पिक्ड अप', 'लॉग्ड इन', 'बॅक्ड अप' या सगळ्यांत प्रत्यय मध्ये गेला, म्हणून क्रियापद म्हणून लिहिताना 'पिक अप', 'लॉग इन', 'बॅक अप' असेच तोडून लिहायचे. 'युअर पिकअप इज ॲट सेव्हन' यात 'पिकअप' नाम आहे, त्याचा भूतकाळ होऊच शकत नाही, म्हणून तो जोडून. 'प्लीज लॉग इन टू युअर अकाउंट' पण 'युअर लॉगिन हॅज एक्स्पायर्ड'. 'सेट अप'पाशी ही कसोटी फसते, कारण 'सेट'चं भूतकाळी रूप 'सेट'च. तिथे 'इंग' लावून बघावं: 'सेटिंग अप द ऑफिस'. मध्ये शिरलं, म्हणजे दोन शब्द.

बोलण्यातही हा फरक ऐकू येतो. नामात आघात 'पिक'वर पडतो, क्रियापदात तो 'अप'वर सरकतो. हा आघात लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

नामात आडवी रेघ द्यायची की नाही यावर मात्र इंग्रजांचंही एकमत नाही. ब्रिटिश छपाईत 'पिक' आणि 'अप' यांच्यामध्ये ती रेघ बराच काळ टिकली. अमेरिकेत शब्द थेट जोडला गेला. २००७ मध्ये शॉर्टर ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या सहाव्या आवृत्तीनं सुमारे १६,००० शब्दांतल्या अशा रेघा काढून टाकल्या. काही शब्द जोडले गेले, काही तुटले. तेव्हा नामात रेघ दिली म्हणून कुणी मार्क कापू नयेत. क्रियापदात मात्र ती कधीच नाही.

आता या सगळ्यातला खरा चमत्कारिक भाग: कर्म कुठे ठेवायचं?

'पिक अप द पार्सल' बरोबर. 'पिक द पार्सल अप' हेही बरोबर. पार्सलच्या जागी सर्वनाम आलं की मात्र एकच वाट उरते: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' कोणताही इंग्रज म्हणणार नाही. म्हणून सुरुवातीच्या वाक्याची दुरुस्ती नुसती जागा सोडून होत नाही. 'आय विल पिक यू अप' असं 'यू'ला मध्ये घ्यावं लागतं. शाळेत हा नियम म्हणून पाठ करवून घेतात आणि कारण कुणी सांगत नाही. कारण असं: इंग्रजी वाक्यात शेवटची जागा मानाची. नवी, महत्त्वाची माहिती तिथे येते आणि आवाजाचा जोरही तिथेच पडतो. 'इट', 'यू', 'हिम' हे शब्द आधीच माहीत असलेल्या गोष्टीकडे नुसतं बोट दाखवतात, उच्चारताना जेमतेम ऐकू येतात. असा दुबळा शब्द मानाच्या जागी बसत नाही. 'अप'वर मात्र आघात आहेच, त्यामुळे तो शेवटी शोभतो.

हेच कारण उलट्या टोकालाही लागू पडतं. कर्म लांबलचक असेल तर 'अप' आधी उरकून घ्यायचा: 'पिक अप द पार्सल दॅट माय अंकल सेंट फ्रॉम नागपूर लास्ट वीक'. इथे 'अप' शेवटी नेला तर नागपूरचा काका आणि गेला आठवडा ओलांडून जाईपर्यंत वाचक लोंबकळत राहतो. आपल्याला हा त्रास तितकासा जाणवत नाही, कारण मराठी क्रियापद एरवीही वाक्याच्या शेवटीच येतं आणि तोवर थांबायची आपल्याला जन्मापासून सवय आहे. इंग्रजी वाचकाला ती नाही.

कर्म वाक्यात आधीच येऊन गेलं असेल तर दुसऱ्यांदा आणायचं नाही. 'द पार्सल विच आय पिक्ड इट अप' यातला 'इट' जास्तीचा. 'द पार्सल आय पिक्ड अप' एवढं पुरे. कर्मणी प्रयोगात दोघं पुन्हा शेजारी येतात: 'द पार्सल वॉज पिक्ड अप यस्टरडे'. आणि कधी कधी कर्म नसतंच. 'सेल्स पिक्ड अप बिफोर दिवाळी' म्हणजे विक्रीनं उचल खाल्ली. इथे कुणी कुणाला उचललेलं नाही, म्हणून 'सेल्स वेअर पिक्ड अप' असं लिहिलं तर अर्थाचा गोंधळ होतो. फोनचंही तसंच. 'ही डिडन्ट पिक अप' हे वाक्य पूर्ण आहे. 'कॉल' हा शब्द आणायचाच असेल तर 'ही डिडन्ट आन्सर माय कॉल' बरं.

मध्ये जागा सोडण्याची ही सवय इंग्रजीच्या खानदानातच आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात किंवा आणखी कुठे जर्मन शिकलेल्यांना 'आबहोलन' हे क्रियापद आठवत असेल. अर्थ हाच, कुणाला तरी घ्यायला जाणे. शब्दकोशात तो अखंड दिसतो, पण वाक्यात 'इश होलं डिश आब' असा फुटतो आणि 'आब' थेट शेवटाला जाऊन बसतो. जुन्या इंग्रजीतही असे छोटे शब्द क्रियापदाच्या आधी येऊन चिकटायचे. पुढे ते मागे गेले आणि कायमचे सुटे झाले. 'अपहोल्ड', 'ओव्हरटेक' यांसारख्या शब्दांत जुनी रचना अजून दिसते.

आपल्याकडेही याच्या जवळ जाणारा प्रकार आहे. 'देऊन टाकलं', 'बोलून बसलो', 'करून ठेवलंय' या संयुक्त क्रियापदांत 'टाकणे', 'बसणे', 'ठेवणे' यांचा मूळ अर्थ जवळजवळ उरलेला नसतो, तरी ती काढली तर वाक्याची चव जाते. 'बोललो' आणि 'बोलून बसलो' यांतला फरक मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. 'ईट' आणि 'ईट अप' यांत काहीसा असाच फरक आहे: दुसऱ्यात ताट रिकामं झालेलं आहे, खाऊन टाकलेलं आहे. म्हणून 'अप'चा अर्थ 'वर' असा घोकण्यापेक्षा पुष्कळदा 'टाकणे'शी त्याचं नातं जोडलेलं बरं पडतं. 'पिक अप'मध्ये ते थोडंच लागू होतं, कारण तिथे उचलण्याचा अर्थ जिवंत आहे. आपलं 'उचलणे' त्याच्याबरोबर बऱ्यापैकी लांब चालतं. फोन उचलतात, पोलीस संशयिताला उचलतात, लहान मूल शेजारच्यांची भाषा उचलतं. या सगळ्या ठिकाणी इंग्रजीत 'पिक अप'च येतं. पण स्टेशनवरून सासूबाईंना कुणी उचलून आणत नाही, आणि बाळानं पाळणाघरात सर्दी उचलली असंही आपण म्हणत नाही. इंग्रजीत त्या दोन्ही ठिकाणी 'पिक अप' बिनघोर चालतं.

एवढं झाल्यावर एक शंका येते: सर्वनाम नेहमीच मध्ये घ्यायचं का? नाही. 'लुक आफ्टर हिम' बरोबर आहे, 'लुक हिम आफ्टर' नाही. कारण 'आफ्टर' इथे शब्दयोगी आहे, तो पुढच्या नामाशी बांधलेला आहे, मागच्या क्रियापदाशी नाही. इंग्रजी व्याकरणातलं एक जुनं उदाहरण यासाठी फार सोयीचं आहे, शिवाय त्याला यमकही आहे: 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. पहिल्यात माणूस टेकडी चढला, दुसऱ्यात त्यानं उधारी वाढवून ठेवली. टेकडीचं वाक्य 'अप द हिल ही रॅन' असं फिरवता येतं, कारण 'अप' टेकडीचा आहे. 'अप द बिल ही रॅन' म्हणता येत नाही, कारण तिथे 'अप' धावण्याचा आहे. सर्वनाम मध्ये येतं ते फक्त या दुसऱ्या प्रकारात. कामापुरतं लक्षात ठेवायचं तर 'ॲट', 'फॉर', 'आफ्टर', 'विथ', 'इंटू' हे नामाला धरून राहतात, त्यांच्या आधी सर्वनाम घुसवू नये. 'अवे' आणि 'बॅक' क्रियापदाच्या बाजूचे. 'अप', 'डाउन', 'ऑफ', 'इन', 'ऑन', 'ओव्हर' दोन्ही घरचे पाहुणे. तिथे हिल की बिल हे विचारावं लागतं.

यावरून एक जुना वादही मिटतो. वाक्याचा शेवट शब्दयोगी अव्ययानं करू नये, असा दंडक अनेकांना शाळेत शिकवलेला असतो. त्याचा उगम बराचसा जॉन ड्रायडनकडे जातो. १६७२ मध्ये त्यानं बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला आणि पुढे स्वतःचंही जुनं लेखन त्यानुसार दुरुस्त केलं. हेन्री फाउलरनं १९२६ साली आपल्या वापरकोशात या दंडकाची गणना सरळ अंधश्रद्धेत केली. पण तो पाळायचाच म्हटलं तरी 'पिक इट अप' त्यात सापडत नाही, कारण यातला 'अप' शब्दयोगी नाहीच.

तीन शब्दांच्या जोड्यांमध्ये दोन्ही प्रकार एकत्र नांदतात, आणि ईमेलमधली सर्वांत लोकप्रिय चूक तिथेच होते: 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. यातलं 'फॉरवर्ड' क्रियापदाचं आहे आणि 'टू' शब्दयोगी. आपल्याला 'टू' दिसला की 'टू गो', 'टू ईट' आठवतं आणि मूळ धातू लिहून आपण मोकळे होतो. 'टू'च्या पुढे एखादं नाम ठेवून बघावं: 'लुकिंग फॉरवर्ड टू द वेडिंग'. नाम चाललं, म्हणजे क्रियापदालाही नामाचं सोंग घेऊनच यावं लागणार: 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग लेट' इथेही तोच 'टू' आहे. 'आय वॉन्ट टू मीट यू' मध्ये मात्र 'आय वॉन्ट टू द वेडिंग' होत नाही, म्हणून तिथे मूळ धातू.

औपचारिक पत्रात फ्रेझल व्हर्ब वापरूच नये, हेही अर्धसत्य. 'कॅरी आउट', 'पॉइंट आउट', 'सेट अप' संशोधनाच्या निबंधांत आणि सरकारी अहवालांत सुखानं असतात. 'पिक अप' जरा घरगुती आहे, इतकंच. बँकेनं ग्राहकाला लिहिताना 'प्लीज कलेक्ट युअर कार्ड' म्हणणं रास्त. आपल्या कार्यालयीन इंग्रजीचा दोष तर उलटाच आहे. साधं 'टेल' असताना आपण 'इंटिमेट' लिहितो.

जिथे 'अप' हवा तिथे तो टाकणारे आपण, नको तिथे मात्र हौसेनं लावतो. 'कोप अप विथ द प्रेशर' हे त्याचं ठळक उदाहरण. 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ', 'पुट अप विथ' यांच्या सहवासानं 'कोप'लाही तो चिकटला असावा. इंग्रजीत नुसतं 'कोप विथ' आहे. 'रिव्हर्ट बॅक'मधला 'बॅक' असाच फुकटचा, कारण 'रिव्हर्ट'च्या पोटातच परत येणं आहे.

'पास आउट'ची कथा वेगळी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतली पासिंग आउट परेड अस्सल ब्रिटिश लष्करी परंपरेतली आहे आणि तिथे हे क्रियापद पूर्णपणे बरोबर आहे: प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणे. आपण ते परेड मैदानावरून उचललं आणि प्रत्येक कॉलेजला लावलं, इतकं की '२०१९चा पासआउट' हे चक्क मराठी नाम झालं. बोलण्यात ते राहू द्यावं. पण अमेरिकेतल्या कंपनीला पाठवायच्या बायोडेटात 'आय पास्ड आउट इन २०१९' लिहिलं तर पलीकडचा माणूस 'मी २०१९ मध्ये बेशुद्ध पडलो' असं वाचतो. तिथे 'आय ग्रॅज्युएटेड इन २०१९' लिहावं.